ज्वालामुखीत करिअर म्हणजे मी नक्की काय करते

एमएस्सीचे रिझल्ट लागले की मला ठरलेले मेसेज यायला लागतात, "मॅम, ज्वालामुखीत करिअर करायचंय, स्कोप आहे का?" आणि घरच्या लग्नात भेटलेल्या आत्या-काकवांचा प्रश्न थोडा वेगळा पण सूर तोच, "अगं पण आपल्याकडं कुठंय ज्वालामुखी, आणि तिकडं इंग्लंडात बसून तू त्याचं करतेस तरी काय?" दोन्ही पार्ट्यांना दरवेळी दोन-दोन ओळींत उत्तर देऊन कंटाळले, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते, लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी तुमची निराशाच करते. चंदेरी सूट घालून लाव्ह्याच्या काठावर उभं राहायचं आणि फोटो काढायचे, हे माझ्या कामात जवळपास येत नाही. माझं काम म्हणजे ज्वालामुखीचे धोके, आणि त्यातला बराचसा वेळ लॅपटॉपसमोर जातो, मॉडेलचे आकडे, विद्यार्थ्यांच्या थिसिसमधल्या चुका, ग्रँटचे फॉर्म, आणि मीटिंगा, ज्यात एका टेबलाला पाणीपुरवठ्याचा इंजिनियर, दवाखान्यातली नर्स, शाळेचा हेडमास्तर, पोलीस आणि आम्ही दगडवाले असे सगळे बसलेलो असतो. फील्ड असतं तेव्हासुद्धा ते बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेला कापलेल्या मातीच्या भिंतीसमोर उभं राहून राखेचे थर मोजणं असतं. किती सेंटीमीटरचा थर, कण किती जाड, मधे कोळसा सापडतोय का, सापडला तर त्यावरून वय काढता येतं. असे थर जुळवत गेलं की कळतं की हा डोंगर याआधी काय काय करून बसलाय, चिखल कुठपर्यंत वाहत आला होता, आणि आज त्या चिखलावर घर बांधून कोण राहतंय. हा शेवटचा प्रश्न भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात नसतो, आणि माझं निम्मं करिअर त्यातच गेलंय.

मी वाईकडची. म्हणजे लहानपणापासून पायाखाली बेसाल्टच, लाव्हा थिजून झालेला काळा दगड, फक्त त्याला बेसाल्ट म्हणतात हे अकरावीत कळलं. मामाच्या मळ्यात विहीर खोदताना "काळा पाषाण लागला" असं कुणी म्हटलं की घरातली सगळी गप्प व्हायची कारण पुढं पाणी लागायची आशा कमी आणि सुरुंगाचा खर्च मात्र वाढणार. मुरूम लागला, सच्छिद्र मांजऱ्या खडक लागला की चेहरे उजळायचे. पुण्यात बीएस्सीला आल्यावर सरांनी घाटात फील्डला नेलं आणि दोन काळ्या थरांच्या मधला लाल पट्टा दाखवला, तो म्हणजे जुनी माती, आधीच्या लाव्ह्यावर तयार झालेली आणि वरून पुढचा लाव्हा आल्यावर भाजली गेलेली. म्हणजे दोन उद्रेकांच्या मधे माती तयार व्हायला पुरेल एवढा वेळ गेला होता. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासची ही सगळी गोष्ट, आज उरलेला दख्खनच्या लाव्ह्याचा पसाराच पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे. त्या दिवशी मला जे वाटलं ते शब्दात लिहायला गेले तर फारच फिल्मी होईल, सोडून देते. पण मामाच्या विहिरीत एका हातावर पाणी आणि दुसऱ्या हातावर कोरडं का, याचं उत्तर त्या लाल पट्ट्याच्या आजूबाजूला आहे हे मला तिथं दिसलं, आणि मी या विषयात अडकले ती अडकलेच.

आता स्कोपचं. आमच्या वेळी एक कंपनी कॅम्पसला आली आणि मुलींनी इंटरव्ह्यूला बसू नये असं आधीच सांगून टाकलं, कारण खाणीचं काम. राग येऊन उपयोग नव्हता कारण १९५२ च्या खाण कायद्याच्या ४६ व्या कलमातच लिहिलं होतं की जमिनीखालच्या खाणीत बाईला कामाला लावायचं नाही, आणि उघड्या खाणीतसुद्धा फक्त सकाळी ६ ते संध्याकाळी ७. ही अट केंद्र सरकारने २०१९ मध्ये सैल केली, तोपर्यंत जिऑलॉजी शिकलेल्या मुलींच्या कित्येक बॅचेस शिक्षिका झाल्या, बँकेत गेल्या, एमपीएससीला बसल्या. गंमत म्हणजे त्याच्या कितीतरी आधी, १९८३ च्या अंटार्क्टिका मोहिमेत नागपूरच्या अदिती पंत आणि जिऑलॉजिस्ट सुदीप्ता सेनगुप्ता जाऊन आल्या होत्या. म्हणजे बाई दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर चालते पण झरियाच्या खाणीत उतरलेली चालत नाही, असा हिशोब. असो. मला बाहेर पीएचडीची फेलोशिप मिळाली आणि मी गेले, माझ्याहून हुशार दोघी जणी राहिल्या, त्यात माझं कर्तृत्व कमी आणि माझ्या वडिलांनी "जा" म्हटलं हे जास्त.

पीएचडीला पहिल्या आठवड्यात वाचायला दिलं ते आर्मेरो. या विषयात जो येतो त्याला हे वाचावंच लागतं. कोलंबियातला नेवादो देल रुईस हा बर्फाची टोपी असलेला ज्वालामुखी, १३ नोव्हेंबर १९८५ ला रात्री नऊच्या सुमारास उद्रेक झाला, आणि उद्रेक म्हणून तो तसा लहानच होता. पण तापलेल्या राखेने वरचं बर्फ वितळवलं, ते पाणी नद्यांच्या दऱ्यांत शिरलं, वाटेत माती दगड झाडं घेत घेत ओल्या काँक्रीटसारखा जाड लोट झाला, याला लाहार म्हणतात, आणि साधारण अडीच तासांनी तो नदीच्या वाटेने ७० किलोमीटरहून जास्त लांबच्या आर्मेरो गावावर येऊन पडला. २० हजारांहून जास्त माणसं गेली. आता यातलं डोकं फिरवणारं हे की धोक्याचा नकाशा तयार होता, महिनाभर आधी, ऑक्टोबरमध्येच जाहीर झालेला, आणि त्यात आर्मेरो लोटाच्या वाटेवर दाखवलेलं होतं. १८४५ मध्ये तिथं असाच लोट येऊन लोक मेले होते, आर्मेरो गाव वसलंच होतं त्या जुन्या चिखलावर, तिथली जमीन सुपीक म्हणून. त्याच दिवशी, मोठ्या उद्रेकाच्या आधीच, गावात राख पडत होती. आणि लोकांना सांगितलं जात होतं की घाबरू नका, घरातच थांबा. अडीच तास म्हणजे चालत उंचावर जायला वेळच वेळ होता हो. आम्ही लोक अजून याच्यावर बोलतो तेव्हा कुणीतरी म्हणतंच की सायन्स तर बरोबर होतं. होतं ना. नकाशा कुणाच्या टेबलावर पोचला, कुणाला तो भीती पसरवणारा वाटला, कुणाला गाव रिकामं करायचा खर्च नको होता, कुणाला सांगायचं राहूनच गेलं, आपत्ती या सगळ्यात झाली. या घटनेनंतर अमेरिकेने ज्वालामुखी आपत्तीत इतर देशांना मदत करणारी फिरती टीम १९८६ मध्ये उभी केली, जी पुढं पिनाटुबोला कामी आली, त्यावर येतेच.

त्याच्या उलटं प्रकरण म्हणजे १९७६ चं ग्वादलूप. फ्रान्सच्या ताब्यातलं कॅरिबियन बेट, तिथला डोंगर धुमसायला लागला, ७० हजारांवर लोक महिनोन्महिने घराबाहेर, आणि दोन नावाजलेले शास्त्रज्ञ, आरून ताझिएफ आणि क्लोद आलेग्र, पेपरात आणि टीव्हीवर जाहीर भांडतायत, एक म्हणतो काही होणार नाही, दुसरा म्हणतो भयंकर होईल. मोठा उद्रेक झालाच नाही. लोकांचा विश्वास मात्र कायमचा गेला. नंतर आमच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९९ मध्ये संकटाच्या वेळी शास्त्रज्ञांनी कसं वागावं याचे नियम छापले, त्याच्यामागे असल्याच तमाशांचा इतिहास आहे. आपल्याकडं दर पावसाळ्यात टीव्हीवर जे चालतं ते बघून मला ग्वादलूपच आठवतं.

नकाशावरून आठवलं. आपण कंटूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषांच्या, नकाशावर लाल पिवळे हिरवे पट्टे काढतो आणि समजतो की झालं, कळलं लोकांना. कॅरिबियनमधल्या माँटसेरात बेटावर, जिथं १९९५ पासून सूफ्रिएर हिल्सचा उद्रेक सुरू झाला आणि प्लिमथ ही राजधानीच राखेत गाडली गेली, तिथल्या लोकांसोबत एक अभ्यास झाला, २००७ मध्ये छापून आला, त्यात दिसलं की बऱ्याच जणांना कंटूरच्या नकाशावर आपलं घरच सापडत नव्हतं, पण तिरक्या कोनातून घेतलेला विमानातला फोटो दिला की पटकन बोट ठेवून सांगायचे. एवढं साधं. मी हे वाचलं तेव्हा माझ्या स्वतःच्या नकाशाचं काम चालू होतं आणि मी ते सगळं डोंगराच्या फोटोवर परत काढायला घेतलं, गाईड वैतागले पण नंतर मान्य केलं. याच बेटावर २५ जून १९९७ ला बंदी असलेल्या भागात १९ जण मेले. लोक म्हणतात ऐकलं नाही म्हणून मेले. पण ते तिथं शेतात होते, पिकं काढायला, जनावरं बघायला. शाळेत आणि चर्चमध्ये कोंबलेल्या छावणीत किती महिने बसणार माणूस, आणि खाणार काय?

इथून पुढं माझ्या आवडीचं. इक्वाडोरमध्ये तुंगुराहुआ नावाचा ज्वालामुखी आहे आणि त्याच्या पायथ्याशी बान्योस नावाचं गाव, गरम पाण्याचे झरे, चर्च, टुरिस्ट, म्हणजे सगळं उत्पन्न त्या डोंगरावरच. ऑक्टोबर १९९९ मध्ये सैन्याने सगळ्यांना बाहेर काढलं, आसपासची धरून २५ हजारांच्या आसपास माणसं. उद्रेक मात्र म्हणावा तसा येईना. घरं बंद, धंदा बंद, कोंबड्या-गाई मागं राहिलेल्या. शेवटी जानेवारी २००० मध्ये लोक सैन्याचा बंदोबस्त मोडून घरी परत घुसले. बरं आता काय करायचं, परत हाकलायचं? तिथल्या लोकांनी आणि क्विटोच्या भूभौतिक संस्थेने वेगळाच मार्ग काढला, डोंगराच्या आजूबाजूच्या शेतकऱ्यांमधून स्वयंसेवक निवडले, त्यांना विहीया म्हणतात, म्हणजे पहारेकरी, त्यांना रेडिओ दिले, आणि ते रोज ठरलेल्या वेळी वेधशाळेला सांगायचे की आज काय दिसलं, काय ऐकू आलं, राख कुठल्या बाजूला पडली, ओढ्याला गढूळ पाणी आलं का.

मी पीएचडीच्या काळात तिथं गेलेले आणि एका संध्याकाळी वेधशाळेत बसून तो रेडिओ ऐकला. एकेक जण आपलं नाव सांगतो, रिपोर्ट देतो, मधेच कुणाच्या तरी गाईला वासरू झालं त्याची चौकशी, कुणाचा गुडघा कसाय, मग परत राख. शास्त्रज्ञ पोरगी सगळं लिहून घेत होती, वासरू सोडून. मला आधी वाटलेलं की हा लोकांना बरं वाटावं म्हणून केलेला कार्यक्रम असेल, पण नाही, उपकरणं राखेत बंद पडली की हीच माणसं डोळे आणि कान, आणि उलट बाजूने जेव्हा वेधशाळा म्हणायची की निघा, तेव्हा शेजारच्या दारात जाऊन सांगणारा माणूस ओळखीचा असायचा. २००६ मध्ये डोंगराजवळच्या हुइवे ग्रांदे गावातून लोक वेळेत बाहेर पडले ते याच्यामुळं. नंतर विचार केला की यात भारी यंत्र कुठलंच नाही. रेडिओ, आणि रोज बोलायची सवय. उद्रेक नसतानाही रोज. ग्रँट देणाऱ्यांना हे पटवणं महाकठीण असतं कारण सवयीचा फोटो काढता येत नाही.

पिनाटुबो सगळे यशाची गोष्ट म्हणून शिकवतात आणि ती आहेच. फिलिपिन्समधला डोंगर, साधारण ५०० वर्षं शांत, २ एप्रिल १९९१ ला वाफेचे स्फोट झाले, फिलिपिन्सची संस्था आणि अमेरिकेची टीम मिळून दोन-अडीच महिन्यांत अभ्यास, नकाशा, इशाऱ्याच्या पायऱ्या, सगळं केलं आणि १५ जूनच्या प्रचंड उद्रेकाआधी हजारो लोक हलवले. लोकांना पटावं म्हणून मोरीस आणि कातिया क्राफ्त या जोडप्याने बनवलेली फिल्म दाखवली, आणि ते दोघं त्याच जूनच्या ३ तारखेला जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर उद्रेकात मरण पावले. पण मी हा धडा शिकवते तेव्हा त्यातली आएता लोकांची बाजू मुद्दाम वेगळी काढते. आएता म्हणजे पिनाटुबोच्या उतारावर राहणारे आदिवासी, डोंगरात काहीतरी होतंय हे पहिल्यांदा त्यांनी पाहिलं, त्यांच्यात काम करणाऱ्या नन्सच्या मदतीने ते अधिकाऱ्यांपर्यंत गेलं, आणि शेवटी सगळ्यात जास्त त्यांनीच भोगलं. डोंगर गेला, शेती गेली, आणि छावण्यांमध्ये दाटीवाटीने राहताना त्यांच्या मुलांना गोवर झाला, कितीतरी मुलं दगावली. उद्रेकाने न मारलेली माणसं छावणीत मेली. ज्वालामुखीच्या धोक्याच्या नकाशावर गोवर कुठल्या रंगात दाखवायचा, सांगा. म्हणून त्या मीटिंगमध्ये नर्स लागते. बाकी थेट मेले त्यातले बरेच छप्पर पडून, कारण त्याच दिवशी चक्रीवादळ आलं, राख भिजली आणि जड झाली.

सेंट व्हिन्सेंटचं मात्र मला थोडं सविस्तर सांगू द्या कारण त्याच्याशी माझं आत्ताचं काम जोडलेलं आहे. कॅरिबियनमधलंच लाखभर वस्तीचं बेट, उत्तरेला ला सूफ्रिएर हा ज्वालामुखी. १९०२ च्या मे महिन्यात तिथं उद्रेक होऊन दीड हजारांवर माणसं गेली, त्यात मूळ कॅरिब लोक खूप, पण दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मार्टिनिकवर माँ पेले फुटला आणि सेंट पिएर शहरच संपलं, त्यामुळं जगाच्या लक्षात फक्त पेले राहिला. १९७९ मध्ये परत, तेव्हा लोक वेळेत निघाले. मग २०२० च्या डिसेंबरअखेर विवरात नवा लाव्हा साठायला लागला, आणि साल बघा, कोविड. विमानं बंद, लॉकडाऊन, आणि वेस्ट इंडिज विद्यापीठाच्या भूकंप संशोधन केंद्राची माणसं तिथं जाऊन राहिली, सुरुवातीला यंत्रं कमी होती ती वाढवली, आणि मुख्य म्हणजे रोज रेडिओवर, फेसबुकवर, गावागावात जाऊन तिथल्याच बोलीत सांगत राहिली की आज काय चाललंय, उद्या काय होऊ शकतं, आम्हाला काय माहीत नाही. ८ एप्रिल २०२१ ला पंतप्रधानांनी उत्तरेकडचं क्षेत्र खाली करायचा हुकूम दिला, दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊच्या सुमारास पहिला मोठा स्फोट. उद्रेकाने थेट एकही माणूस मेला नाही. १६ ते २० हजार लोक हलले. ही काय लहान गोष्ट आहे का? पण जगातल्या बातम्यांमध्ये ते दोन दिवस आलं आणि गेलं, कारण माणसं वाचली की बातमी होत नाही.

ते करणारी बहुतेक माणसं कॅरिबियनचीच होती. हे मी मुद्दाम लिहितेय. कारण आमच्या क्षेत्रात एक जुनी खोड आहे, उद्रेक झाला की श्रीमंत देशातल्या विद्यापीठातून लोक विमानाने उतरतात, नमुने गोळा करतात, परत जातात, पेपर छापतात आणि ज्या वेधशाळेच्या माणसाने त्यांना जीपमधून वर नेलं त्याचं नाव शेवटी आभारात, तेही स्पेलिंग चुकवून. आता मी स्वतः त्या श्रीमंत देशातल्या विद्यापीठात बसलेय, पगारही तिथला, त्यामुळं मला यावर बोलायचा अधिकार अर्धाच. तरी माझ्या ग्रुपचा नियम आहे की तिथला सहकारी लेखकांत नसेल तर नमुना बॅगेत येणार नाही, आणि प्रश्न काय विचारायचा ते त्यांच्याशी बोलून ठरणार. याने पेपर उशिरा होतात. रिव्ह्यूअर विचारतात नवीन काय. प्रमोशनच्या फॉर्ममध्ये "विश्वास" असा कॉलम नसतो.

सस्टेनेबिलिटी. हा शब्द आता प्रत्येक ग्रँटमध्ये टाकावाच लागतो, माझ्या एका मैत्रिणीच्या मते शाईत मिसळूनच येतो. पण ज्वालामुखीच्या गावात त्याचा अर्थ फार रोखठोक असतो. राख पडली, पिण्याच्या पाण्याची टाकी उघडी होती, पुढं काय. केळीची बाग गेली, कर्ज होतं, पुढं काय. इंडोनेशियातल्या मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याला लाहारने आणलेली वाळू लोक उपसून विकतात, उद्रेकानंतर तोच धंदा, त्याने घरं चालतात आणि नदीचं पात्र पण खचतं, मग बंद करा म्हणणारे आपण कोण? आणि एक गोष्ट आपल्या बेसाल्टशी जोडलेली. आइसलँडमध्ये हेलिसहेदी इथं भूऔष्णिक वीजकेंद्राजवळ कार्बन डायऑक्साईड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला, २०१२ पासून, आणि दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त दगडात खनिज बनून बसला, २०१६ मध्ये ते छापून आलं. दख्खनच्या बेसाल्टमध्ये असं जमेल का यावर अभ्यास चालू आहेत. मला यात उत्साह आहे आणि धास्ती पण आहे, कारण आपल्याकडं त्याच भेगांमध्ये, त्याच सच्छिद्र थरांमध्ये, गावांचं प्यायचं पाणी आहे. मामाची विहीर त्यातच आहे. तेव्हा बोअर मारायच्या आधी ग्रामसभेत जा, एवढंच माझं म्हणणं, आणि जाताना इंग्लिश स्लाइड्स घेऊन जाऊ नका.

आता इन्क्लुझिव्ह जिओसायन्स, म्हणजे सगळ्यांना सामावून घेणारं भूविज्ञान, ही काय भानगड, यावर घरचे हसतात. सोप्या भाषेत सांगते. आमच्या पोरी फील्डच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. हे पुण्यात होतं, हे इंग्लंडमध्येही होतं, कारण दिवसभर उघड्या डोंगरावर आणि बाथरूमची सोय नाही आणि पन्नास पोरांच्या समोर सरांना विचारायचं कसं. एप्रिलच्या उन्हात, घाटात, पाणी न पिता. कुणीतरी चक्कर येऊन पडली की "मुलींना झेपत नाही". मी आता जो फील्ड कोर्स चालवते त्याच्या कागदावर पहिल्या पानाला थांब्यांच्या यादीत बाथरूम कुठं आहेत ते लिहिलेलं असतं, वेळेसकट. पोरं पण खुश, त्यांना पण लागतंच की.

दुसरं, चालणं. जिऑलॉजीत एक मर्दानी समज आहे की जो जास्त उंच चढतो तो जास्त चांगला जिऑलॉजिस्ट. आमच्याकडं व्हीलचेअर वापरणारा एक विद्यार्थी आला आणि डिपार्टमेंटची पहिली प्रतिक्रिया होती की त्याला त्याऐवजी लायब्ररीतलं असाइनमेंट देऊ. मी आणि एका सहकाऱ्याने मिळून पूर्ण रूट बदलला, रस्त्याकडेचे कट, जुन्या खाणी जिथं गाडी आतपर्यंत जाते, समुद्रकिनाऱ्याचा पक्का रस्ता, आणि जिथं जाताच येत नाही तिथला ड्रोनचा व्हिडिओ आणि थ्रीडी मॉडेल सगळ्यांनाच. त्या पोराने राखेच्या थरांचं जे वर्णन लिहिलं ते त्या बॅचमधलं सगळ्यात बारीक होतं, कारण बाकीचे धापा टाकत असताना तो थराकडं बघत बसलेला असायचा. बुटांचे पैसे, जॅकेटचे पैसे हा पण प्रश्न आहेच, डिपार्टमेंटमध्ये आता उसने मिळतात, कारण भारी बूट नाहीत म्हणून विषय सोडलेली मुलं मी पाहिलीत.

आणि व्हिसा. याच्यावर वेगळं लिहायला पाहिजे. भारतीय पासपोर्टवर उद्रेकाच्या ठिकाणी लगेच पोचणं जवळजवळ अशक्य, माझे युरोपियन सहकारी बॅग भरून निघतात आणि मी फॉर्म भरत बसते, बँकेचं स्टेटमेंट, निमंत्रणाचं पत्र, फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडचा. तरुण संशोधकाची नोकरी दोन-तीन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आणि त्यातले कित्येक आठवडे असे जातात. आमच्या क्षेत्रात "फील्डला वेळेत येतो" हे गुणात धरलं जातं, पासपोर्टचा रंग कुणी मोजत नाही.

आत्या म्हणेल, हे सगळं परदेशाचं, आपल्याला काय. तर ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, १५० च्या वर माणसं, आणि बाहेर पहिली खबर कशी गेली तर एसटीच्या ड्रायव्हरला रस्त्यावर आल्यावर गावच दिसेना. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. ठाकर लोकांची वाडी, वर गाडीरस्ता नाही, बचावाला लोक चिखलातून चालत चढले, आणि दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत ती वाडी नव्हती. आपले ज्वालामुखी थंड होऊन कोट्यवधी वर्षं झाली, पण त्यांच्याच दगडाची झीज, त्याचीच माती, आणि वरून तो पाऊस. लाहारचं गणित करणाऱ्याला दरडीचा लोट परका नसतो, पाणी, माती, उतार, वेग, तीच समीकरणं. विहीयांची कल्पना घाटात का चालू नये मला कळत नाही. प्रत्येक वाडीत एक पर्जन्यमापक, दोन माणसं, एक फोन, आणि पलीकडं रोज फोन उचलणारा कुणीतरी. यात अवघड फक्त ते रोज उचलणं आहे. मी सुट्टीत आले की मावळात आणि आंबेगावच्या बाजूला काही शिक्षकांशी याबद्दल बोलतेय, अजून काही झालेलं नाही, झालं की सांगेन. त्यातल्या एका गुरुजींनी विचारलं की पावसाचा आकडा लिहिला तर वरून कुणी वाचणार आहे का. मी म्हटलं मी वाचेन. ते म्हणाले मॅडम तुम्ही इंग्लंडात.

तर स्कोप. पोरांनो, सरळ सांगते. फंडिंग नसलेली पीएचडी घेऊ नका, कर्ज काढून तर अजिबात नको, कितीही मोठं नाव असू दे. आकडेशास्त्र आणि कोडिंग शिका, जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवरचं नकाशाचं काम, तर पाहिजेच, आणि एक भाषा, स्पॅनिश किंवा इंडोनेशियाची बहासा, कारण जिवंत ज्वालामुखी जास्त करून तिकडं आहेत, आपला बॅरन आयलंड आहे अंदमानात, १९९१ ला परत जागा झाला, पण तिथं माणूस राहत नाही. गाईडला मेल पाठवायच्या आधी त्यांच्या मागच्या पाच पेपरांत स्थानिक लेखक आहेत का बघा, आणि त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना खासगीत विचारा की फील्डवर कसं असतं, सुपरवायझर कसा वागतो, बाथरूमचं काय. उत्तर द्यायला उशीर झाला तर समजून घ्या, सध्या परीक्षेचे पेपर तपासणं चालू आहे आणि त्यात अर्ध्या वर्गाने लाहारला लाव्हा लिहिलंय.